मेरेआनाची नोकरी

४ फेब्रुवारी

उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा सुरू झाली. मला शिवणकामाची जुनी खोली दिली आहे. गरम पाण्याच्या नळाला गारच पाणी येतं, पण दारावर माझ्या हाताने पाटी लावली : रोजगार तयारी वर्ग. मुख्याध्यापक स्टुअर्ट पाटी वाचून म्हणाले, "मोराग, पैसे दोन वर्षांपुरते आहेत. तेवढ्यात सहा मुलं पगारी कामाला लागली पाहिजेत, आणि दहा आठवडे टिकली तरच धरतात. नाहीतर खोली परत शिवणाकडे."

मी म्हटलं, लागतील. एकोणीस वर्षं पोरांना स्वयंपाक शिकवून विटलेली बाई दुसरं काय म्हणणार?

सात मुलं आहेत. फर्गस चाकांच्या खुर्चीत असतो, पण त्याच्या जिभेला चाकं लागत नाहीत. आणि मेरेआना वाइतिरी, सतरा वर्षांची. तिला गोष्टी सावकाश कळतात, वाचन तिसरीतल्या पोरीएवढं. पण एकदा काम हातात बसलं की कणीक मळायची असो की भांडी लावायची, तिच्या हातांकडे बघत राहावं. तोंडाला मात्र फाटक नाही. आज सगळ्यांदेखत विचारते, "बाई, तुमचे डोळे लाल का? रडलात का?"

रडले नव्हते. वारा होता.

१९ फेब्रुवारी

मेरेआनाला बेकरीत एक दिवस बघायला घेतलं होतं. साडेअकराला बेकरीवाल्याचा फोन. "घेऊन जा हिला." छोटे स्कोन-पाव निवडणाऱ्या एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला म्हणाली म्हणे, "ते स्कोन कालचे आहेत, आजी. तुमचे दात हलताहेत, घेऊ नका."

गाडीत मी विचारलं, असं का बोललीस? ती म्हणाली, "कालचेच होते ना." मग थोड्या वेळाने, "आणि दात हलतच होते."

हसू आलं, पण घरी आल्यावर राग आला. तिच्यावर नाही. माझा भाऊ ॲलिस्टर तेवीस वर्षं मतिमंदांच्या मोठ्या संस्थेत राहिला, तिथेच गेला. दिवसभर तेच तीन टॉवेल घडी करायचा आणि संध्याकाळी परिचारिका ते मोडून ठेवायची, उद्यासाठी. माझ्या मुलांचं तसं होऊ देणार नाही. त्यांना काम मिळवायचं असेल तर जगाला आवडतील असं वागायला शिकवलं पाहिजे. जग काही त्यांच्यासाठी बदलणार नाही.

२२ फेब्रुवारी

कार्डं केली. पिवळ्या जाड कागदावर मोठ्या अक्षरांत तीनच वाक्यं, खिशात मावतील अशी :

हो, करते.
मला जमेल.
सगळं ठीक आहे, थँक्यू.

मालक काही बोलला की यातलंच एक बोलायचं. 'का' विचारायचं नाही, मनात आलं ते बोलायचं नाही, तक्रार तर मुळीच नाही. पहिले दहा आठवडे तरी नाही.

फर्गस म्हणाला, "बाई, नोकरी मागायला चाललोय की मुलगी दाखवायला? सोबत चीज रोलचं ताट पण नेऊ का?"

"तू थट्टा कर. मेरेआना बघ कशी पाठ करतेय."

"करेल ना. तिला सांगितलं तर ती फोनची डिरेक्टरीसुद्धा पाठ करेल. आणि पाय चिरडला तर? तेव्हा कुठलं वाक्य?"

मी त्याला बाहेर जाऊन डोकं गार करून यायला सांगितलं. खोचक बोलणं हाच त्याचा अडसर आहे. चार ठिकाणी पाठवलं त्याला, चारही ठिकाणहून परत. तीन ठिकाणी पायऱ्या होत्या हे खरं, पण चौथ्या ठिकाणी नव्हत्या.

२ एप्रिल

ब्लफला बंदरावर मासळीचा कारखाना आहे, तिथल्या मॅनेजरला भेटले. नाव गॅव्हिन. ऑयस्टरचा, कालवांचा हंगाम सुरू झालाय, त्याला माणसं मिळत नाहीत. "तुमची पोरगी रोज येईल का? वेळेवर? भांडण करणार नाही?" मी म्हटलं, महिनाभर बिनपगारी बघा आणि मग ठरवा.

त्याने मेरेआनाला विचारलं, "थंडीत उभं राहावं लागेल. चालेल?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मला जमेल."

मला इतकं भरून आलं!

२९ एप्रिल

पक्की नोकरी! सोमवार ते गुरुवार, पूर्ण पगार, कारखान्याची गाडी शहरातून न्यायला येणार. शुक्रवारी शाळा. माझ्या वर्गातली पहिली पगारी नोकरी. स्थानिक वर्तमानपत्राचा माणूस फोटो काढून गेला. तिची आई पानिया वृद्धाश्रमात सफाईचं काम करते. ती पाळी बदलून आली होती, शाळेच्या पायरीवर उभी राहून रडली.

"बाई, माझ्या पोरीला कोणी पगार देईल, असं मला कुणी म्हटलं असतं तर मी हसले असते."

मेरेआनाने पहिल्या पगारातून काय घेणार ते सांगितलं : आईला चपला, आणि स्वतःला कारखान्यातल्या बायकांसारखा जेवणाचा डबा, दोन कप्प्यांचा.

२३ मे

कारखान्यात जाऊन आले. पॅकिंगला पुरेशा बायका आहेत म्हणून मेरेआनाला मागे मासळीचे टब धुवायला घेतलंय. एकटीच असते तिथे. मला वाटतं ते बरंच, बडबडीला कोणी नाही. टबांवर साबणाचं पाणी मारायचं, घासायचं, धुवायचं. नारिंगी हातमोजे कोपरापर्यंत, तिच्या हातांना एवढे मोठे की बापाचे मोजे चढवलेलं पोर दिसावं. फोटो काढला, शाळेच्या पत्रिकेला उत्तम.

गॅव्हिन खूश. "अशा दहा असतील तर द्या. बाकीच्या दिवसभर कुरकुर करतात. साबण झोंबतो, पाय दुखतात, हे नाही, ते नाही. ही एक शब्द काढत नाही."

मेरेआनाला विचारलं, कसं चाललंय?

"सगळं ठीक आहे, थँक्यू."

किती छान, किती सहज म्हणाली. फेब्रुवारीतली हीच पोरगी गिऱ्हाइकाचे दात मोजत होती.

१४ जून

शुक्रवार. वर्गात ब्रेड होता. मेरेआनाला मळायला बोलावलं तर म्हणाली, मी पाककृती वाचून दाखवते, फर्गसला मळू दे. आणि वाचली! अडखळत, पण शेवटपर्यंत. नोकरीने वाचायची गोडी लागली हे मी स्टुअर्टना मुद्दाम सांगितलं. हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून बसली होती. ऐन हिवाळा, आज थंडी फार होती, गवतावर अकरापर्यंत दव गोठलेलं.

फर्गस पीठ थापटत तिला म्हणाला, "मेरे, हात दाखव बघू."

"सगळं ठीक आहे, थँक्यू."

"मी तुझा मॅनेजर नाहीये गं."

मी त्याला म्हटलं, तिला छळू नकोस.

२० जून

पानियाचा फोन आला. "बाई, मेरेचे हात बघितलेत का? साल निघतंय. पांढरं-पांढरं झालंय बोटांवर. रात्री चमचा धरवत नाही तिला."

मी समजावलं. मासळीच्या कामाला हिवाळ्यात सगळ्यांचेच हात फुटतात, माझ्या आजीचेही फुटायचे. मलम लावा, सुती हातमोजे घालून झोपवा.

"ती म्हणते काही दुखत नाही. पण जेवत नाही नीट. आणि बाई, बोलत नाही. पूर्वी डोकं उठवायची माझं. मी कारखान्यात फोन करू का? विचारते तरी."

मी नको म्हटलं. आईचा फोन गेला की मालकाला वाटतं पोरगी अजून लहान आहे, सांभाळायला लागणार. अडीच आठवडे राहिलेत दहा पूर्ण व्हायला. मग मी स्वतः जाऊन गॅव्हिनशी बोलेन, तिला पॅकिंगला घ्या म्हणेन.

पानियाने मलमाचं नाव विचारून घेतलं. मग म्हणाली, "तुम्हाला जास्त कळतं, बाई."

चांगली बाई आहे. पण आयांना मुलं मोठी झालेली बघवत नाही, हे मी एकोणीस वर्षं बघतेय.

८ जुलै

दहा आठवडे पूर्ण. सुट्टी असूनही शाळेत जाऊन फॉर्म भरला. 'कामाच्या ठिकाणी समाधानकारक' या चौकोनात बरोबरची खूण केली. खूण दोनदा गिरवली. आनंदानेच.

९ जुलै

मेरेआना इस्पितळात आहे.

११ जुलै

काल लिहिता आलं नाही.

मंगळवारी दुपारी ती टबांपाशीच खाली बसली. पॅकिंगमधल्या एका बाईने उठवायला हात धरला तर हातमोजा निघाला आणि त्याबरोबर साल. टब धुवायचं ते पाणी साबणाचं नव्हतं. कॉस्टिक सोड्याचं होतं, तेल-चरबी कापणारं. सैल मोज्यांच्या तोंडातून रोज थोडं थोडं आत जायचं, बोटांपाशी साठायचं. डॉक्टर म्हणाले, असलं भाजणं फसवं असतं, हळूहळू खोल जातं. त्यात थंडीने बधिर झालेले हात. उजव्या हाताची दोन बोटं हाडापर्यंत गेली आहेत. क्राइस्टचर्चच्या मोठ्या इस्पितळात नेताहेत, कातडी लावायला.

मी गेले तेव्हा पानिया खिडकीशी होती. मला बघून उठली नाही. ओरडेल असं वाटलं होतं. मी त्याची तयारी करून गेले होते.

ती एवढंच म्हणाली, "मी विचारलं होतं तुम्हाला."

मेरेआना दोन्ही हात पांढऱ्या बंडलांत गुंडाळून झोपली होती. माझी चाहूल लागून जागी झाली आणि मी विचारायच्या आधीच म्हणाली, "सगळं ठीक आहे, थँक्यू."



३० जुलै

सुरक्षा खात्याची तपासनीस आली होती. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, नीटनेटकी, आवाज मऊ. पत्रिकेतला फोटो तिच्या फाइलमध्ये होता.

"हे मोजे कोपराशी किती उघडे आहेत, तुम्हाला दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं."

"मग?"

"मला गोड वाटलं."

तिने ते लिहून घेतलं. गोड हा शब्दसुद्धा.

मेरेआनाशी ती आधीच बोलली आहे. विचारलं, दुखत होतं तेव्हा कुणाला सांगितलंस? नाही. का नाही? त्यावर पोरगी आईकडे बघते, छताकडे बघते. तपासनीस मला म्हणाली, "या मुलीला स्वतःच्या बाजूने एक वाक्य बोलता येत नाही. जन्मतःच असं आहे का?"

मी म्हटलं, नाही. आणि उद्या लेखी जबाब देते म्हटलं.

३१ जुलै

स्टुअर्टनी दार लावून घेतलं. "कार्डाबद्दल लिहायची काही गरज नाही. तुला कुणी विचारलेलं नाही. मोजे त्यांचे, रसायन त्यांचं. तू मध्ये कशाला पडतेस?"

"मी मध्येच आहे."

"अजून सहा मुलं आहेत तुझ्याकडे, मोराग. त्यांचा विचार कर."

मी सगळं लिहिलं. बेकरी, कार्ड, पानियाचा फोन, मी तिला काय सांगितलं ते, दहा आठवडे. चार पानं झाली. शेवटी लिहिलं, ती बोलली नाही कारण बोलायचं नाही हे मी तिला शिकवलं. कार्डही जोडलं. सही करताना वाटलं, निदान हे तरी तिच्या उपयोगी पडेल. तिला समज नाही म्हणून ती बोलली नाही, असं कोणी म्हणू नये.

घरी येऊन मटणाचं सूप केलं. कितीतरी दिवसांनी भूक लागली होती.

१९ सप्टेंबर

सुरक्षा खात्याचा निकाल आला. खटला नाही. कारखान्याला ताकीद आणि सगळ्या मापांचे हातमोजे ठेवायची सूचना. कारणं दिली आहेत, मी तीनदा वाचली. त्रास झाल्यास ताबडतोब कळवा, अशी पाटी भिंतीवर होती. पर्यवेक्षक रोज विचारपूस करायचा आणि मुलगी रोज सगळं ठीक आहे म्हणायची. तसं म्हणायला तिला शाळेने पद्धतशीर शिकवलं होतं, हे शिक्षिकेच्या स्वतःच्या लेखी जबाबावरून आणि सोबत जोडलेल्या कार्डावरून स्पष्ट होतं. कारखान्याला हे कळायला काही मार्ग नव्हता.

कारखान्याच्या वकिलाने माझ्या चार पानांतून अकरा वाक्यं उचलली आहेत.

दुपारी फोन वाजला. गॅव्हिन.

"बाई, तुम्हाला फोन करावासा वाटला. हल्ली कोण असं खरं बोलतं? आभार मानायचे होते."

मी फोन ठेवायला गेले.

"आणि हो, दुसरं कोणी असेल तर सांगा," तो म्हणाला. "आता मोजे सगळ्या मापांचे आलेत."

२५ ऑक्टोबर

शाळेच्या मंडळाने वर्ग बंद केला. पुढच्या वर्षी मी परत स्वयंपाक शिकवणार. नोकरी गेली नाही माझी. पत्रात 'प्रामाणिकपणाची नोंद घेऊन' असं आहे.

मुलांना मीच सांगितलं. कोणी फार काही बोललं नाही. नाहीतरी काय बोलणार, मी त्यांना कधी बोलायला शिकवलं? फर्गस मागे थांबला.

"मग आमचं काय?"

"पुढच्या वर्षी तू अठराचा होशील. सरकारी भत्ता सुरू होईल."

"म्हणजे घरी बसा." त्याने खुर्ची दाराकडे वळवली, मग थांबला. "बाई, मला वाटलं होतं तुम्ही जबाब दिलात की त्यांना शिक्षा होईल. मी पोरांशी पैज लावली होती."

"मलाही वाटलं होतं."

"तुमच्यासारखी माणसं खरं बोलतात तेव्हासुद्धा फायदा त्यांचाच होतो. कसं काय जमतं हो?"

चिडून नाही म्हणाला, खरंच विचारत होता. 

वर्षअखेरीचा तक्ता भरून पाठवला. पगारी नोकरी, दहा आठवडे टिकलेली : एक. मी ते खोडायला गेले तर कार्यालयातली मुलगी म्हणाली, खोडता येत नाही, नियमात बसतंय.

३ डिसेंबर

आज इस्पितळाबाहेर दोघी भेटल्या. टाळता आलं असतं. मी गाडीत होते, त्यांनी मला बघितलं नव्हतं. पण उतरले.

हातांचे व्यायाम करून घेतात तिथून येत होत्या. पानियाने वृद्धाश्रमाचं काम अर्धं केलंय. मेरेआनाला वेणी घालायला, बटणं लावायला कोणी लागतं. डावा हात बराच सुधारलाय. उजव्याची दोन बोटं सरळच राहतात, लाकडासारखी, आणि कातडी गुलाबी, चकचकीत. तिने हात लपवला नाही. हवा चांगली होती, बिनबाह्यांचा फ्रॉक होता.

मी पानियाला म्हटलं, काही लागलं तर सांगा. कुठल्या तोंडाने म्हटलं कोण जाणे.

"काही नको, बाई," ती म्हणाली. "आता तिला कोणी काही शिकवू नका, एवढंच." आणि किल्ल्या शोधत गाडीकडे गेली.

मेरेआना मागे राहिली. माझ्या जवळ आली. आईला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज लहान केला. तिला तसं करताना मी पहिल्यांदाच बघत होते.

"बाई, माझी जागा कोणाला दिली?"

"कुठली जागा?"

"कारखान्यात. टबांची."

"मला माहीत नाही, मेरे."

"तिकडे चहाच्या सुट्टीत त्या सगळ्या मला हाक मारायच्या. खिडकीजवळची खुर्ची माझी होती. माझ्या डब्याला दोन कप्पे आहेत." ती हाताकडे बघत होती. "मला का काढलं? माझं काम वाईट होतं का?"

मी म्हटलं, तुझं काम सगळ्यात चांगलं होतं. तुझं काहीसुद्धा चुकलं नाही. चूक माझी होती, त्यांची होती. तुला दुखत होतं ते सांगायला हवं होतं आणि मीच तुला सांगू दिलं नाही. मी हे सगळं तिला सांगितलं, रस्त्यावर, मोठ्याने, एक माणूस वळून बघायला लागला.

तिने नीट ऐकून घेतलं. वर्गात ऐकायची तसं, मान किंचित तिरकी करून. मी थांबले तेव्हा म्हणाली, "बरं. पण आता नाही दुखत. तुम्ही त्यांना सांगाल का, आता नाही दुखत म्हणून? मी एका हाताने पण घासते. घरी करून बघितलंय. आईला माहीत नाही."

पानियाने गाडीतून हाक मारली. मेरेआना गेली नाही, माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.  शेवटी आई उतरून आली, तिला दंडाला धरून घेऊन गेली, दार उघडून बसवलं, तिच्या अंगावरून वाकून पट्टा लावला. गाडी सुरू झाली तरी काचेतून ती माझ्याकडेच बघत होती, मी काय म्हणते त्याची वाट पाहत.